निळा बाक, अर्ध्या चढावर

'फॅम' म्हणजे फॅमिली असं संजयला वाटलं, यात त्याचं काही चुकलं नाही. नऊ वर्षं मी दुबईत, देऱ्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करत होते, पण ऑफिसातली भाषा मी कधी घरी आणली नव्हती. त्यामुळे एजंटांनी एखादा देश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि मग गिऱ्हाइकांना विकावा म्हणून त्या देशातल्या पर्यटनवाल्यांनी काढलेल्या फुकटच्या सहलीला 'फॅम ट्रिप' म्हणतात, तिला एजंटानं एकट्यानं जायचं असतं, सोबत नवरा चालत नाही, मूल चालत नाही, हे त्या माणसाला कळणार कसं? फोनवर मी एवढंच म्हटलं होतं, "संजय, ऐक ना, फॅम ट्रिप मिळाली. मलेशिया. मार्चअखेर, पाच दिवस." तो जबल अलीच्या वेअरहाउसमध्ये उभा होता, मागं फोर्कलिफ्ट टीं टीं करत होती. तो जवळजवळ ओरडलाच, "काय सांगतेस! तेव्हा अस्मीची परीक्षा पण संपलेली असेल!" एवढ्यात कंपनीची बस लागली आणि त्यानं फोन ठेवला. लेकीच्या परीक्षेचा माझ्या जाण्याशी काय संबंध, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. कळलं तेव्हा रिसीव्हर अजून माझ्या हातातच होता.

मी लगेच उलटा फोन करायला हवा होता. केला नाही. बस सुटली असेल, मोबाइलवर चारचौघांत कशाला, संध्याकाळी घरी सांगू, अशी कारणं मी स्वतःला दिली आणि ती मला पटलीसुद्धा. खरं कारण मला दोन दिवसांनी कळलं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं. त्या अर्ध्या मिनिटात, म्हणजे संजय काय समजलाय हे ध्यानात येण्याआधी, मी स्वतःला पाहिलं होतं. हातात एकच लहान बॅग घेऊन विमानात चढताना. ना दोरीनं बांधलेली खोकी, ना वजनाची कटकट, ना कुणाची बाटली, ना कुणाचा स्वेटर. सांगलीला दर वर्षी जाताना आमचं जे सामान असतं ते बघितलं तर कुणाला वाटेल आम्ही दुकान हलवतोय. त्या अर्ध्या मिनिटातली ती बाई मला फार आवडली होती. तिला मी गमावणार म्हणून मी फोन केला नाही, की संजयला दुखवणार म्हणून, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता गंमत अशी की मलेशिया मला पाठ होता. आमचे मालक हनीफभाई श्रीवर्धनचे, त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं कोकणातली. कुणाची दुबईत तीस वर्षं झालेली, कुणाचे आईवडील गावाहून आलेले. इंग्रजी माहितीपत्रकं देखणी असत, पण ती चाळून म्हातारी माणसं चष्मा काढून ठेवत आणि विचारत, "भाभी, ते ठीक हाय. पण तिथं चालायचं किती?" त्यांच्यासाठी मी मराठीत हातानं कागद लिहायला लागले. हनीफभाई त्याच्या झेरॉक्स काढत. बातू गुहांना दोनशे बहात्तर पायऱ्या आहेत, सकाळी आठच्या आत चढा, हातात केळी धरू नका, माकडं शहाणी आहेत. क्वालालंपूरच्या जोडमनोऱ्यांचा पूल बघायला तिकीट पडत नाही, पण रांग सकाळीच लागते. पिनांगला सापांचं देऊळ आहे, साप धुपाच्या धुरानं सुस्तावून पडलेले असतात असं म्हणतात, तरी हात लावू नका. ड्युरियन नावाचं फणसासारखं, उग्र वासाचं फळ मिळतं, ते रस्त्यात उभं राहून खा, हॉटेलात नेलंत तर मॅनेजर वर येईल. यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं. मी पुस्तकं वाचली, परत आलेल्या माणसांना खोदून खोदून विचारलं आणि उरलेलं अंदाजानं भरलं. लोक म्हणत, मॅडम, तुम्ही किती वेळा जाऊन आलात? मी हसायचे. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा माझा समज होता.

पण एका ठिकाणी मी सरळ सरळ खोटं लिहिलं होतं. पिनांगच्या टेकडीवर रुळांवरून एक गाडी चढते. तेव्हा ती एका दमात वर जात नसे, अर्ध्या चढावर उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागे. त्या मधल्या स्टेशनाबद्दल कुठल्याच पुस्तकात दोन ओळींपेक्षा जास्त नव्हतं आणि मला ती रिकामी जागा सहन होईना. मी लिहिलं, 'मधल्या स्टेशनामागं दहा पावलांवर एक निळा बाक आहे. तिथून समुद्र दिसतो. पहिली गाडी सोडून द्या, दहा मिनिटं बसा. कुणी काही विचारणार नाही.'

हा बाक मी पिनांगला नेऊन ठेवला, पण तो मुळात बर दुबईतला. खाडीच्या कडेला, जिथून पलीकडे जाणाऱ्या होड्या, म्हणजे अब्रा, सुटतात, तिथला. एक्क्याण्णव साली आम्ही नवेनवे आलो तेव्हा शेअरिंगमध्ये राहत होतो. एका हॉलला मधोमध प्लायवूड लावून केलेल्या दोन खोल्या. पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्यानं कूस बदलली तरी आम्हाला कळायचं, मग आमचं त्यांना काय काय कळत असेल या विचारानं मी कुजबुजतच बोलायची. बाकी सगळं कुजबुजत जमतं हो, पण भांडण जमत नाही. कुजबुजत भांडायला लागलं की एकतर हसू येतं, नाहीतर राग आत जाऊन कुजतो. शेवटी संजय म्हणाला, चल खाली. आणि आम्ही चालत चालत खाडीवर गेलो, त्या निळ्या बाकावर बसलो, आणि अब्रांच्या इंजिनांच्या फटफटाटात एकमेकांवर मनसोक्त ओरडलो. तू मला इथं आणलंस कशाला. तूच म्हणाली होतीस चल. तुझ्या आईनं. तुझ्या भावानं. समोरून माणसं उतरत होती, चढत होती, पठाण, इराणी, मल्याळी, कुणालाही मराठी कळत नव्हतं आणि कुणी काही विचारत नव्हतं. मग घसा कोरडा पडला आणि संजयनं दोन चहा आणले. त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा तरी आम्ही भांडायला जायचो. घरात काही खटकलं की तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा, म्हणजे 'खाडी?' आणि मी पदर खोचायची. पुढं स्वतंत्र फ्लॅट झाला, अस्मी झाली, दारं लावून भांडायची सोय झाली आणि आमची भांडणंच कमी झाली. कधीकधी वाटतं, त्या बाकामुळे आमचं लग्न टिकलं. हे मी संजयला कधी बोलले नाही, पिनांगच्या कागदात मात्र लिहून टाकलं.

त्या बाकाचं मला कधी काही वाटलं नव्हतं. उलट दोघातिघांनी येऊन सांगितलं होतं, "बसलो हां तुमच्या बाकावर," आणि मी मनात म्हटलं होतं, बघा, असणारच. मग जानेवारीत जमाल आणि हमीदा परत आले. म्हसळ्याचं जोडपं, अल क्वोजला त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप. जमालनं टेबलावर मलेशियाच्या बिस्किटांचा डबा ठेवला, सगळ्याची तारीफ केली आणि जाता जाता म्हणाला, "भाभी, तो बाक काय गावला नाही हां. दोन गाड्या सोडल्या. हिचा गुडघा दुखत होता म्हणून शोधशोध शोधला." मी काही बोलणार, तर हमीदाच त्याच्यावर डाफरली, "अवं, त्या खोटं कशाला लिहितील? आपणच उलट्या बाजूला गेलो असू." तिनं माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू माझी बाजू सांभाळली म्हणून मी निर्धास्त व्हावं. मला डबा उघडवेना. दुखऱ्या गुडघ्याची एक बाई माझ्या भांडणाचा बाक शोधत डोंगरात फिरली होती, आणि वर मलाच खरं ठरवत होती. म्हणूनच महिन्याभरानं फॅम ट्रिपचा फॅक्स हातात नाचवत हनीफभाई केबिनबाहेर आले आणि म्हणाले, "यल्ला, चला, बोला, कोण जातंय मलेशिया? एकच सीट हाय," तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघेपर्यंत मी "मी" म्हणून मोकळी झाले होते. एवढ्या मोठ्यानं, की हनीफभाई दचकले.

तर त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा उशीर झालेला होता, म्हणजे घड्याळाप्रमाणे नव्हे. संजयनं शेजारच्या सुमेधाला सांगून टाकलं होतं, सुमेधानं तिच्या नवऱ्याला, आणि मी लिफ्टमधून बाहेर पडते तोच ती म्हणाली, "मजा आहे बाई तुमची, होल फॅमिली!" संजयनं कॅमेऱ्याचे तीन रोल आणले होते. टीव्हीवर अस्मीचा अॅटलास उघडा होता. त्याला इतकं हलकं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आम्ही आजवर बघण्यासाठी म्हणून कुठं गेलोच नव्हतो. सुट्टी म्हणजे सांगली, सांगली म्हणजे लग्नं, मुंजी, दवाखाने आणि कुणाकुणाची समजूत. हां, दाखवायला मात्र आम्ही पुष्कळ फिरलो. भारतातून पाहुणे आले की संजय त्यांना फिरवायचा, आणि त्याचा फेरा ठरलेला. खाडी, सोनेबाजार, शारजाचा निळा बाजार, मग फुजैराच्या रस्त्यावर गालिचे आणि कुंड्या मांडलेला शुक्रवारबाजार, मग ती समुद्राकाठची जुनीपुराणी मातीची ठेंगणी मशीद, आणि परत. प्रत्येक जागी त्याची वाक्यंही ठरलेली. डोंगर लागले की "हे बघा, एक झाड नाही, पण रंग किती." बावीस वेळा मी ते वाक्य ऐकलंय. प्रत्येक वेळी तो पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतो, डोंगराकडे नाही. आता पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काही दाखवणार होतं, आणि तो माझा कागद मागून घेऊन जेवणाच्या टेबलावर वाचत बसला होता, लाल पेन्सिलीनं खुणा करत. "सकाळी आठच्या आत चढा. करेक्ट आहे. अस्मी, लवकर उठायला लागेल." अस्मीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके, बाबा." तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण माझी पर्स सोफ्यावर उघडी होती आणि तिच्यात तो फॅक्स होता.

चार दिवस गेले. रोज सकाळी मी ठरवायची, आज. रोज काहीतरी आडवं यायचं, आणि आलं नाही तर मीच काहीतरी आडवं घालायची. ऑफिसात बसून मी दुसरे रस्ते शोधले. सहल सोडून द्यावी आणि हनीफभाईंना म्हणावं, दुसऱ्याला पाठवा. हे सगळ्यात सोपं होतं, आणि त्यात माझा मोठेपणाही दिसला असता. पण ते मनात आलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि रागही यायचा. स्वतःचाच, कारण माणसानं बेचाळिसाव्या वर्षी पाच दिवसांच्या फुकटच्या सहलीसाठी रडावं हे काही शोभत नाही. मला जायचं होतं. एकटीनं जायचं होतं. माझं संजयवर प्रेम आहे, अस्मीवर आहे, माझं काही म्हणून दुखत नव्हतं, मी सुखात होते, आणि सुखात असूनही मला पाच दिवस कुणाचीच कुणी नसल्यासारखं एका डोंगरावर उभं राहायचं होतं. हे सांगायला मराठीत शब्द नाहीत असं नाही. पण ते नवऱ्याला सांगायचे असतात तेव्हा ते सगळे तक्रारीसारखे ऐकू येतात.

शुक्रवारी सकाळी मी पोहे केले. संजय बनियनवर, चष्मा कपाळावर, कागद समोर. अस्मी दूध पीत होती. खालून रस्त्याचा आवाज नव्हता, शुक्रवार सकाळची दुबई फार शांत असते. संजयनं एका ओळीखाली पेन्सिल ठेवली आणि वाचलं, "निळा बाक आहे. पहिली गाडी सोडून द्या. कुणी काही विचारणार नाही." मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत मनात वाचलं. "हा बाक," तो म्हणाला, "हा आपला आहे का गं?"

मी गॅस बंद केला. त्याच्या त्या एका 'आपला'नं माझं सगळं उसनं अवसान गेलं. "हो," मी म्हटलं. "तिथं बाक आहे की नाही मला माहीत नाही. मी आपला उचलून तिथं ठेवला." आणि त्याच दमात म्हणाले, "संजय, फॅम म्हणजे फॅमिली नव्हे. एजंटांची ट्रिप असते. एकच सीट आहे. मला एकटीलाच जायचंय." बोलल्यावर कळलं की मी 'जावं लागेल' म्हणाले नव्हते. 'जायचंय' म्हणाले होते. तो शब्द टेबलावर पोह्यांच्या शेजारी पडून राहिला आणि मी तो परत घेतला नाही.

अस्मी ग्लास ठेवून म्हणाली, "आई, वी नो. आय रेड द फॅक्स. आय टोल्ड बाबा ऑन मंडे."

मी संजयकडे बघितलं. तो लिंबू पिळत होता, फार लक्षपूर्वक. "सोमवारी?" मी म्हटलं. "म्हणजे चार दिवस तू नाटक करत होतास?"

"नाटक नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी खरंच वाटलं होतं मला. सुमेधाला सांगून बसलो, गाढवासारखा. मग ही बोलली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तोवर तुझ्या कागदातल्या पुतराजायापर्यंत वाचून झालं होतं. म्हटलं, पुरतं वाचू तरी. चार दिवस मस्त गेले गं. नाहीतर आपण कुठं जाणार होतो?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तू कधी सांगतेस, तेही बघत होतो. तू ट्रिप कॅन्सल करून येतेस की काय, याची मला जास्त भीती होती. तसं केलं असतंस ना, तर जन्मभर ऐकायला लागलं असतं." मी हसले आणि रडलेही, आणि अस्मी म्हणाली "ओ गॉड" आणि आपला ग्लास घेऊन आत गेली. संजय म्हणाला, "लीव्ह अप्रूव्ह झालीय, ती मी घेणारच. खलास. एक काम कर, तो बाक आहे का नीट बघून ये. लोकांना बसायला सांगतेस."

फॅम ट्रिपमध्ये देश कमी आणि बाथरूम जास्त दिसतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बारा एजंट, आणि दिवसाला सहा हॉटेलं. प्रत्येक ठिकाणी एक हसरी मुलगी खोलीचं दार उघडून म्हणायची, अँड धिस इज द बाथटब, आणि आम्ही बाराजण माना डोलवायचो. तरी मधेमधे देश दिसत होता. बातूच्या पायऱ्या मी मोजल्या. दोनशे बहात्तरच होत्या आणि मला पास झाल्यासारखं वाटलं. माकडं शहाणी नव्हती, गुंड होती, ते बदलायला हवं. सापांच्या देवळात साप खरंच सुस्त होते, आणि धुपाचा वास थेट सांगलीच्या दत्ताच्या देवळातला होता. पुस्तकात वास नव्हता. पहाटे उठून मी एकटी खिडकीत बसायची, पाऊण तास, काहीच न करता, आणि चहा गार व्हायचा. त्या अर्ध्या मिनिटातली बाई मला भेटली होती. ती काही फार वेगळी नव्हती, थोडी कमी बोलायची एवढंच.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, पिनांगची टेकडी. वरचं हॉटेल बघून आम्ही खाली निघालो तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. मधल्या स्टेशनावर गाडी बदलायला उतरलो आणि मी सगळ्यांना सोडून मागच्या बाजूला गेले. दहा पावलं मी मोजून टाकली. ओलं गवत, मोठाली नेची, एक नळ. बाक नव्हता. उलट्या बाजूलाही गेले, हमीदासारखी. तिथंही नव्हता. एक सिमेंटचा बुटका कट्टा होता, शेवाळलेला, आणि झाडांच्या फटीतून हाताच्या पंजाएवढा समुद्र दिसत होता. तेवढा मात्र खरा निघाला होता. स्टेशनावर कार्डाचा फोन होता. मी संजयच्या मोबाइलचा नंबर फिरवला.

"आहे का गं?" तो हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"नाहीये," मी म्हटलं. "बाक नाहीये, संजय. नुसता कट्टा आहे. ओला. लोकांना मी किती वर्षं..." मी थांबले, कारण फोनमधून कसला तरी आवाज येत होता. फट फट फट फट. एक जवळ आला, लांब गेला, मग दुसरा. "तू कुठं आहेस?"

"ऐकू येत नाही होय?" तो म्हणाला. "म्हटलं, तू तिकडं शोधशील, तर इथला तरी जाग्यावर आहे का बघावं. आहे. आता हिरवा मारलाय त्यांनी. पण खालून निळा दिसतो." मग अस्मीचा आवाज, "आई, इट्स अ टोटली ऑर्डिनरी बेंच!" आणि परत तो. "हिला सांगत होतो, इथं तुझी आई माझ्यावर काय काय ओरडायची. विश्वास बसत नाही तिचा. बरं ऐक, कट्टा किती उंच आहे?"

मी वळून बघितलं. "गुडघ्याएवढा. थोडा जास्त."

"मग चालेल की," संजय म्हणाला. "बस. आम्ही पण बसलोय."

मी फोन ठेवला, ओढणीनं कट्टा पुसला आणि बसले. हमीदाला चालला असता. खालची गाडी लागली, आमच्या बाराजणांतला एक मल्याळी एजंट दारातून हात हलवून ओरडला, "मॅडम, यल्ला, यल्ला!"

"तुम जाओ," मी म्हटलं. "मैं अगली गाडी से आती हूँ."

त्यानं काही विचारलं नाही.